आऊटडोअर युनिट डक्टमध्ये हलवण्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. २२ मे

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : एसीची आऊटडोअर युनिट डक्टमध्ये हलवण्याची सूचना मागे घेण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

रंगकामानंतर लावलेली सूचना वाचली. इमारत आता खरोखर देखणी दिसते आणि ती तशीच राहावी हे मलाही वाटतं. पण ३१ मेपर्यंत दर्शनी भिंतीवरची सगळी आऊटडोअर युनिट काढून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या बंद पोकळीत बसवा, हे काही पटलं नाही. त्याच सूचनेत खाली ‘एसी नीट थंड करत नसल्यास गॅस तपासून घ्यावा, व्होल्टेजबाबत कमिटीकडे तक्रारी करू नयेत’ असंही लिहिलं आहे. ही दोन वाक्यं एकमेकांच्या शेजारी आली आणि मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

मी ३१ वर्षं ऑफसेट छापखान्यात काढली. दमट हवेने कागद फुगतो, मग पिवळ्यावर लाल बसत नाही, अख्खा फॉर्म वाया जातो. पावसाळ्यात रीम उघडं ठेवणाऱ्याला आमच्याकडे शिव्या पडत. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याचंही हेच दुखणं होतं. त्यावर विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढून घेणारी यंत्रणा उभी केली. आपल्या घरातला एसी हा तिचाच वंशज. माणसांना गार करण्याचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात ही दोन्ही कामं त्याला एकदम करावी लागतात. थर्मामीटर ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवा पाण्याने जड झालेली असते. १० बाय १२ च्या खोलीत बाहेरची हवा भरली तर तिच्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात असतं. नागपूरला आमचा मेहुणा ४३ डिग्रीत वाळ्याच्या कूलरपुढे आरामात झोपतो आणि फोनवर विचारतो, ‘तुमच्याकडे ३३ च, मग रडता कशाला?’ त्याच्या हवेत पाणी आपल्या निम्म्याच्या आसपास, म्हणून त्याचा कूलर चालतो आणि घामही वाळतो. आपला घाम बनियनमध्येच राहतो.

मागच्या आठवड्यात मी एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ११ लिटर पाणी जमलं. एसी एक टनाचा, बेडरूममधला. वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते, लिटरमागे साधारण ०.६८ युनिट विजेइतकी. म्हणजे ११ लिटरची साडेसात युनिट. २ किलोवॅटचा गिझर बेडरूममध्ये पावणेचार तास चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी त्या यंत्राने रात्रभरात बाहेर ओढून टाकली आणि त्यातून खोलीचं तापमान एका डिग्रीनेही उतरलं नाही! एक टनाच्या एसीची उष्णता ओढण्याची ताकद साडेतीन किलोवॅटची. आठ तास पूर्ण जोराने चालला असं धरलं, तरी त्याच्या कामाचा चौथा हिस्सा पाणी पिळण्यातच गेला. खोली गार करायला उरतो तो बाकीचा. शिवाय कंपनीने छापलेली क्षमता आत २७ डिग्री, बाहेर ३५ डिग्री आणि आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्याही खाली धरून मोजलेली असते. आपल्याकडची दमट हवा त्या हिशेबात बसत नाही.

गॅसचं म्हणाल तर तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. नळी बंद असते. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. माझी फसगत वेगळीच झाली. आधीचा एसी दोन टनांचा घेतला होता, कारण दुकानदार म्हणाला ‘मोठा घ्या, लवकर गार होईल’. झालाही. दहा मिनिटांत थंड करून कॉम्प्रेसर बंद पडायचा, आणि पाणी काढायला पुरेसा वेळच मिळायचा नाही. खोली गारढोण आणि दमट, उशांना तळघराचा वास. दोन वर्षं बायकोची बोलणी खाल्ली, मग तो विकला.

आता डक्टचं. आत ओढलेली सगळी उष्णता, त्या ११ लिटर पाण्याचीसुद्धा, आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, हे सगळं आऊटडोअरला हवेत सोडावं लागतं. त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी जागा हवी. डक्ट सात मजली, चारही बाजूंनी बंद, त्यात कबुतरांची जाळी. सात मजल्यांची चौदा युनिट त्यात बसवली की खालच्याने टाकलेली गरम हवा वरचा ओढणार, त्याची त्याच्या वरचा. हवा जितकी तापलेली, तितकी यंत्राची क्षमता कमी आणि बिल जास्त. शेवटी कॉम्प्रेसर ट्रिप होतो आणि मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो. अ विंगच्या तक्रारवहीतल्या नऊ नोंदी मी सचिवांच्या परवानगीने पाहिल्या. त्यातल्या सात घरांची आऊटडोअर आधीपासून डक्टमध्येच आहेत, आणि सातही घरं पाचव्या मजल्यावर किंवा त्याच्या वर. शिवाय तिथे सर्व्हिसिंगला माणूस कुठे उभा राहणार? परवा एक पोरगा बाथरूमच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून कॉइल धूत होता. मी डोळे मिटून घेतले.

दर्शनी भिंतीसाठी माझं म्हणणं असं. प्रत्येक खिडकीखाली एकाच उंचीवर, एकाच रंगाचे ब्रॅकेट सोसायटीने ठरवून द्यावेत आणि खर्च ज्याचा त्याने करावा. भिंत विद्रूप दिसते ती वाकड्यातिकड्या नळ्यांमुळे आणि रंगावर उतरलेल्या पाण्याच्या ओघळांमुळे. त्यासाठी प्रत्येक रांगेला एक सामाईक पीव्हीसी पाइप वरून खाली आणावा आणि सगळ्यांचे ड्रेन त्यात जोडावेत. २८ घरांत एकेकच एसी धरला तरी रात्रीचं ३०० लिटर पाणी होतं. पिण्याचं नाही ते, पण पार्किंग धुवायला उत्तम. ३०२ च्या छज्जावर थेंब पडतात म्हणून ४०२ शी जे वर्षभर चाललं आहे, तेही मिटेल. (४०२ म्हणजे मीच.)

सूचना पुन्हा छापणार असाल तर गॅसच्या वाक्याऐवजी एवढं टाका : फिल्टर पंधरवड्याला धुवा, एसी चालू असताना खोलीत कपडे वाळत घालू नका, रिमोटवरचं थेंबाचं चिन्ह (ड्राय मोड, म्हणजे हवेतला दमटपणा काढणारा) एकदा दाबून पाहा. एसी २५-२६ वर ठेवून वर पंखा लावला तर पुष्कळ घरांना १८ ची गरज राहणार नाही.

येत्या रविवारी दुपारी ३ वाजता आपण आणि सचिव अ विंगच्या गच्चीवर याल का? डक्टमध्ये सहाव्या मजल्यापर्यंत थर्मामीटर सोडू, आणि दुसरा बाहेरच्या भिंतीच्या सावलीत लटकवू. दोन्ही आकडे आपणच वाचा आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात घ्या. थर्मामीटर माझे, दोरी सोसायटीची.

कळावे,
आपला,
एक सभासद, ब-४०२