बंड्या, हा पाच मात्रांचा ठेका ऐक

नाशिक

प्रिय बंड्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी शुगर आटोक्यात, नीताची कंबर जैसे थे. हे फोनवर बोललो असतो तर तू दुसऱ्या वाक्याला हसला असतास आणि मी फोन ठेवला असता.

चिमी इंजिनीअरिंग सोडते म्हणतेय. तिसऱ्या वर्षाला. गाणी करायचीत म्हणे, स्वतःची, गिटारवर. मी म्हटलं, पोरी, डिग्री तेवढी पदरात पाडून घे, उद्या अडलं-नडलं तर आधार राहील. तर आवाजही न चढवता म्हणाली, "बाबा, तो आधारच नकोय मला." मला तू दिसलास, अण्णांसमोर मान खाली घालून उभा. सातपूरची पर्मनंट नोकरी एका बाजूला, तुझी डग्गा-तबल्याची पिशवी दुसऱ्या. तेव्हा मी अण्णांच्या बाजूनं बोललो, ते तू अजून दर दिवाळीला उकरून काढतोस. काढ. आता तर तुला हक्कच आहे.

पण गंमत ऐक. ते वाक्य तिचं नव्हतंच. तिच्या खोलीत रात्ररात्र एक इंग्रज गात असतो, निक ड्रेक. त्यानं केंब्रिज शेवटच्या वर्षात सोडलं. बापानं लांबलचक पत्रं लिहिली, की डिग्री असली म्हणजे पडलास तरी झेलणारी जाळी खाली राहते. पोरानं कळवलं, तीच तर मला नकोय. आणि बाप कोण, तर बॉम्बे बर्मा ट्रेडिंगमधला इंजिनीअर! पोरगं जन्मलं रंगूनला, 1948 साली. थोरली बहीण लाहोरची. इथवर मी मजेत वाचत होतो. पुढे निघालं की बरीच वर्षं नैराश्यात काढून 1974 च्या नोव्हेंबरात आईवडिलांच्याच घरी वारला. सव्विसाव्या वर्षी. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

मग तिच्याकडून हेडफोन मागून घेतला आणि त्याची पहिली रेकॉर्ड ऐकायला बसलो, खरं तर हा पोरगा पहिल्यापासूनच रडका होता याचा पुरावा शोधायला. 1969 ची, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'. सिगरेट वळायच्या कागदांच्या पाकिटात शेवटी चिठ्ठी असायची, पाचच पानं उरलीत म्हणून. नाव तिथून उचललंय. तो पुढे पाच वर्षांत गेला, म्हणून लोक या नावात काय काय वाचतात. मला आपलं चारमिनारचं पाकीट रिकामं निघाल्यावरचं तुझं तोंड आठवलं.

त्यात 'रिव्हर मॅन' आहे. मी ओट्यावर बोटांनी दादरा धरला. निसटला. चार धरले, तेही निसटले. मग लक्षात आलं, मात्रा पाच आहेत! धी ना धी धी ना, अर्धा झपताल, आणि तोच फिरत राहतो. गिटार कुठे म्हणून हलत नाही आणि गाणारा आपला तिच्या मागे मागे रेंगाळतो, समेची घाई नाही. मागून व्हायोलिनं अशी वर चढतात की ओट्यावर नीताचा चहा उतू गेला तरी मला कळलं नाही. आता सांग, दोन-तीन मोजायचं की तीन-दोन? गिटारवर लय राहत नाही असं तू गोट्याच्या लग्नात तावातावानं सांगत होतास, म्हणून मुद्दाम विचारतोय. 'चेलो साँग'मध्ये काँगो आहेत, किती हलक्या हातानं वाजवलेत ते ऐक, आणि मग गॅदरिंगला माझ्या भावगीताची तू दिंडी केली होतीस ते आठव.

पुरावा काही सापडला नाही. सापडलं भलतंच. निर्माता जो बॉइडनं वाद्यमेळ लिहायला एक अनुभवी माणूस आणला होता. ह्या विशीतल्या पोराला ते रुचलं नाही. केंब्रिजमधला माझा मित्र लिहील, म्हणाला. रॉबर्ट कर्बी, तोही विद्यार्थीच. एरवी तोंडातून शब्द न काढणारा पोरगा, पण हटला नाही. कर्बीनं 'वे टू ब्लू'ला गिटारच ठेवली नाही, नुसती तंतुवाद्यं आणि गळा. 'रिव्हर मॅन' मात्र त्याला झेपेना, ते हॅरी रॉबिन्सननं केलं. हे रडक्याचं काम आहे का, सांग? आपल्याला शेवट ठाऊक आहे म्हणून दहाच्या दहा गाणी काळी ऐकू येतात. 'फ्रूट ट्री'मध्ये माणूस गेल्यावर मिळणाऱ्या कीर्तीचं आहे, मान्य. पण विसाव्या वर्षी तू आणि मी गंगेवर बसून मरणाच्या किती कविता केल्या होत्या! आणि नंतर रविवार कारंजावर मिसळ हाणली.

तरी धास्ती जात नाही. डिग्रीची नव्हे, तिचं मी आतल्या आत सोडून दिलंय (नीताला सांगू नकोस). धास्ती ही, की चिमी कुणासमोर गात नाही. मी दारात दिसलो की थांबते. कॉलेज रोडच्या एका कॅफेत गायला बोलावलं होतं. गेली, गिटारचे कान पिळत बसली, आणि लोक बोलायचे थांबेनात म्हणून न गाताच परत आली. त्या निकचंही हेच. दर गाण्याआधी गिटार वेगळी लावायची, तोवर लोकांच्या गप्पा रंगायच्या. रेकॉर्ड जेमतेम काही हजार खपली. हे वाचल्यापासून मी तिच्या दारावरून चपला काढून जातो.

तू बोल तिच्याशी. मी बोललो की बाप होतो, तू बोललास की काका. समजवायचं काही नाही. नुसता तबला घेऊन ये आणि म्हण, तुझं एक गाणं लाव, मला ठेका सापडतो का बघू. खोलीत एक माणूस असताना ती गायली तरी मला पुरे.

वहिनींच्या मोतीबिंदूचं काय झालं? पिंट्याला पुण्यात जागा मिळाली का? सांगलीचा पाऊस पेपरात वाचतो. चिवडा पाठवत नाही, येऊन घेऊन जा. स्टेशनवरून रिक्षा करू नकोस, सिंहस्थासाठी रस्ते खोदलेत, मी स्कूटर घेऊन येतो. डग्गा मांडीवर धरायची तयारी ठेव.

तुझा,
नंदू

ता. क. दोन-तीन की तीन-दोन, ते येण्याआधी कळव. पैज मिसळीची.