पिशवी फेकू देऊ नका

वाराणसी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहिला. आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, भिंत थोडी जाड आहे, गाठ दिसत नाही. तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ उठते आणि खांद्यापर्यंत जाते, हे आई पोळ्यापासून अंगावर काढतेय. म्हणून यवतमाळच्या सर्जननी दुर्बिणीतून पिशवी काढायला सांगितली ते मला पटलं. त्रासच नसेल तर खडे बहुतेक वेळा तसेच राहू देतात, पण आईला त्रास आहे.

फोनवर तुम्ही दोघंही 'कॅन्सर' म्हणायचं टाळता, म्हणून हे पत्र. मामांनी व्हॉट्सॲपवर ती जाहिरात पाठवली, 'मायक्रो-आरएनए तपासा, कॅन्सर आधीच ओळखा'. वरून 'आपली पोरगी त्याच्यावरच तर काम करते' असंही लिहिलं. करते, म्हणूनच सांगते, त्या तपासणीवर पैसे घालू नका.

बाबा, 'काहून?' असं तुम्ही विचारणारच. पेशीतला डीएनए म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर समजा. ते कुठे जात नाही. कामापुरती त्याची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिनं बनवते. मायक्रो-आरएनए हा त्या नकलेच्याच लिपीतला साधारण २२ अक्षरांचा छोटा तुकडा. तो नकलेला वाटेतच धरतो, म्हणजे दप्तर शाबूत राहून काम अडतं. कुठलं प्रथिन किती बनावं हे अशा तुकड्यांवर बरंच अवलंबून असतं, आणि माणसात त्यांचे हजाराहून जास्त प्रकार आहेत. ॲम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना पहिला तुकडा मातीतल्या एक मिलिमीटरच्या सूत्रकृमीत सापडला. १९९३ मध्ये तो छापून आला तेव्हा लोकांना वाटलं, ही त्या किड्याचीच काहीतरी खोड असेल. २००० साली तसाच दुसरा तुकडा माणसापर्यंतच्या प्राण्यांत दिसला, तेव्हा सगळे जागे झाले. २०२४ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. (किडा म्हटल्यावर तुम्हाला बोंडअळीच आठवणार. हा तेवढा वाईट नाही.)

पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये या तुकड्यांचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. मिर-३४ए नावाचा तुकडा ('मिर' म्हणजे मायक्रो-आरएनए) एरवी पेशीची बेसुमार वाढ रोखायला मदत करतो, पण गाठीत तो कमी आढळतो. मिर-१४५ही कमी. उलट मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले असतात, आणि वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनांच्या नकलाच ते अडवतात. हा कॅन्सर गंगेच्या या पट्ट्यात, उत्तर प्रदेश-बिहारमध्ये फार, तिकडे चिलीतही फार, आणि बायकांत जास्त. आपल्याकडे इथल्याइतका नाही. तो बहुधा उशिरा कळतो, म्हणून रक्तातून लवकर ओळखता आला तर बरं, एवढ्यासाठी आमचा हा खटाटोप.

पण अडचण नेमकी आईसारख्यांच्या बाबतीत आहे. मिर-२१ आणि मिर-१५५ इतर कॅन्सरमध्ये वाढतात, आणि नुसत्या सुजेनेही वाढतात. खडे असलेली पिशवी तर पुष्कळदा सुजलेली असते. मग आकडा जास्त आला तर काय समजायचं? त्यात तालुक्याला काढलेलं रक्त उन्हात एसटीने गेलं आणि वाटेत लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले तुकडे मिसळून आकडे आणखी बिघडतात. औषधाचंही अजून तसंच आहे. मिर-३४एसारखंच काम करणारं औषध माणसांना देऊन पाहिलं होतं. प्रतिकारशक्तीचे गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. मला हा विषय मनापासून आवडतो, पण आईच्या पोटासाठी आज त्याचा उपयोग नाही.

उपयोगाची गोष्ट साधी आहे, आणि तीच कोणी सांगत नाही. ऑपरेशननंतर खडे डबीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. मग घरोघरी ती डबी फिरते, 'एवढा मोठा निघाला' म्हणून. पिशवीचं काय झालं ते कोणी विचारत नाही, पुष्कळदा ती कचऱ्यातच जाते. तुम्ही विचारा. ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगा की पिशवी फॉर्मॅलिनमध्ये (ती टिकवणाऱ्या द्रावणात) घालून तपासायला पॅथॉलॉजीला पाठवायची आहे आणि रिपोर्ट आम्हाला हवा आहे. खडे असलेल्या बहुतेकांना कधीच कॅन्सर होत नाही, आईलाही नसेल असंच मला वाटतं. पण क्वचित कोणाच्या भिंतीत तो लपलेला निघतो, सोनोग्राफीत न दिसलेला. अगदी आतल्या थरापुरता असेल तर पिशवी काढली तेवढ्यात काम भागतं. खोल गेला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि जवळच्या लसिका गाठी काढायला पुन्हा ऑपरेशन करतात, आणि ते वेळेवर व्हावं लागतं. पिशवीच फेकली तर हे कळणार कसं?

आई, तू 'माझ्यासाठी एवढा खर्च कशाला' म्हणशील. खर्च आहे तो मामांच्या जाहिरातीत. जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. खडे विरघळवायचा कोणाचा काढा घेऊ नकोस. डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा कळ थांबेचना, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. 'तुरीची फवारणी झाल्यावर बघू' हे बाबांचं त्या दिवशी चालणार नाही.

मामांना मी स्वतः फोन करते, तुम्ही काही बोलू नका, उगीच राग धरतील. तारीख पक्की झाली की लगेच कळवा. नागपूरची गाडी आधीच भरून जाते, रिझर्व्हेशन काढायचंय. रिपोर्ट हातात येईपर्यंत मी तिथेच राहणार आहे.

तुमची,
मनू