कोरोनाच्या वह्या वाळवीने खायच्या आत : गावकरी, मुंबईकर आणि माहेरवाशिणी, सगळ्यांना आवाहन

मंडळी नमस्कार,

देवळातली मीटिंग आटपून आल्या आल्या लिहायला बसलोय, अध्यक्षांनी सांगितलंय की आज रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुपवर गेलं पाहिजे, तेव्हा शुद्धलेखन बघू नका, विषय बघा. शाळेच्या जुन्या वर्गातल्या लाकडी कपाटात आपल्या कोरोनाच्या वह्या आहेत, त्यातल्या दोन वह्यांना वाळवी लागली आहे. खालच्या वाडीच्या वहीची मे २०२० ची पानं ओलीने एकमेकांना चिकटलीत, सोडवायला गेलं तर निळी शाई दुसऱ्या पानावर उतरते. अजून एक पावसाळा त्या वह्या काढणार नाहीत, म्हणून मंडळाने ठरवलंय की या गणपतीपर्यंत सगळ्या वह्यांचे फोटो, टायपिंग आणि नवीन लोखंडी कपाट हे काम उरकायचंच, आणि त्यासोबत बंद पडलेली शनिवारची तापाची नोंद परत सुरू करायची. त्यासाठी पैसे लागणार आहेत आणि मंडळाच्या खात्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

ज्यांना वही म्हणजे काय ते माहीत नाही (नवीन सुना आणि तेव्हा हाफ पँटमध्ये असलेली पोरं) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च २०२० मध्ये जिल्ह्यातला पहिला पेशंट गुहागर तालुक्यात सापडला तेव्हा रत्नागिरीला तपासणीची लॅबच नव्हती, स्वॅब मिरजेला जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस आणि त्याच्या घरचे नुसते वाट बघत. जूनमध्ये रत्नागिरीची लॅब सुरू झाली तेव्हा जरा सुटलो. मोबाईलवर आरोग्य सेतू घ्या म्हणून सांगत होते, पण वरच्या वाडीत रेंज घ्यायला सड्यावर चढावं लागतं तिथे ब्लूटूथवर कोण कोणाला शोधणार? तेव्हा आपल्या गुरुजींनी (रिटायर होऊनही ज्यांना शाळा सोडवत नाही ते) सांगितलं की सरकारचं सरकार करेल, आपण वाडीवार वही घालू. दोनशे पानी वही, प्रत्येक पानावर आठ रकाने. नाव, घर, कुठून आला, कधी आला, कुठल्या गाडीने, ताप, ऑक्सिजन, आणि शेवटचा रकाना "कोणाकडे बसायला गेला होता". तो शेवटचा रकाना ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला खरं तर शाल-श्रीफळ द्यायला हवं होतं, ते अजून राहिलंय.

मे महिन्यात चाकरमानी यायला लागले ते तुम्ही मुंबईकरांनी स्वतःच भोगलंय. ई-पास, कशेडी घाटात रात्रभर लाईन, आणि गावात आल्यावर घरची ओटी दिसतेय पण जायचं शाळेत, चौदा दिवस. तेव्हा गावातल्या काही जणांनी जे तोंडाला येईल ते बोललं, काही घरांनी पाण्याची कळशी सुद्धा लांबून ठेवली, ते कोणी विसरलेलं नाही आणि विसरावं असंही मी म्हणत नाही. त्यात ३ जूनला निसर्ग वादळ आलं, शाळेची कौलं उडाली, क्वारंटाईनमधल्या माणसांना समाजमंदिरात हलवावं लागलं, पुढे कित्येक दिवस लाईट नाही आणि मोबाईल बंद. त्या दिवसांत सुद्धा वहीत खाडा नाही. गिरणीवाल्या आबांच्या पडवीत कंदील लावून लिहिलेली पानं आहेत, एका पानावर रॉकेलचा डाग आहे, बघायला मिळेल.

आता मुख्य गोष्ट, आणि मुंबईकरांनो ही खास तुमच्यासाठी. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा पुन्हा तीच ओरड, मुंबईवाले घेऊन आले. पण गुरुजी आणि आपल्या आशाताईंनी (गावच्या आशा सेविका) तो शेवटचा रकाना घेऊन बसून एकेक घर जोडत नेलं. मुंबईहून आलेली माणसं तोवर शहाणी झाली होती, येताना टेस्ट करून येत होती आणि घरात वेगळी राहत होती. साखळी निघाली ती आपल्याच हळदीच्या कार्यक्रमातून, तिथून एका बाराव्याला, आणि तिथून पाच घरं. तालुक्याच्या बाजारात रोज जाऊन येणारा एक पिकअप आणि त्यात मागे बसणारे चौघे, त्यातला एकही मुंबईचा नव्हता. हे वहीत लिहिलेलं असल्यामुळे बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली, नुसतं शपथा घेऊन झाली नसती. आणि साखळी कळली म्हणून त्या पाच घरांच्या आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचा ऑक्सिजन दिवसातून दोनदा बघता आला.

आशाताईंबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे. २०२० च्या सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" आलं, घरोघरी दोन फेऱ्या, ताप आणि ऑक्सिजन बघायचा. आपल्या ताईंनी तोपर्यंत वाडीतली घरं तोंडपाठ केली होती. वास जातो हे लक्षण त्या जूनमध्ये सरकारी यादीत आलं, पण "वास येतो का" विचारलं की सगळे हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं तर शाळेत जावं लागेल. मग ताई विचारायला लागल्या, "काल शेजारी सुकट भाजली ती कळली का हो?" आणि समोरचा बावचळून म्हणायचा, "कधी भाजली?" असं पकडलेलं आहे वहीत, त्या पुढे "सुकट नाही" असं लिहायच्या आणि आम्हाला कळायचं. ऑक्सिजन ९७ दाखवणाऱ्या माणसाला पडवीत सहा मिनिटं चालायला लावायचं आणि परत बोटाला मशीन लावायचं, खाली ९३ आला की लगेच गाडी बोलवायची. दोन माणसं या चालण्यामुळे वेळेत तालुक्याला पोचली आणि आज त्यांची नातवंडं त्यांच्या मांडीवर आहेत. या कामाचे ताईंना केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळायचे, ते पण वेळेवर नाही. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा सन्मान केला तेव्हा ताई म्हणाल्या, "सन्मान राहू दे, माझ्या छत्रीची काडी मोडलीय." छत्री मंडळाने दिली. तेवढंच आपल्याकडून झालं.

आणि ज्यांनी तेव्हा हात दिला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे मागायला तोंड नाही. पहिले सहा ऑक्सिमीटर बेस्टमधून रिटायर झालेल्या आपल्या दादांनी स्वतःच्या फंडातून घेतले, पुढे दुसऱ्या लाटेत त्याच मशीनचे भाव कुठल्या कुठे गेले आणि मिळेनाशी झाली तेव्हा आपल्याकडे होती. ठाण्याच्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या माहेरवाशिणीने डबल ड्युटी करून रात्री अकरा वाजता फोनवर आपल्या पोरींना वही कशी भरायची ते शिकवलं, कुठला आकडा आला की घाबरायचं आणि कुठल्याला नाही. मधल्या वाडीच्या टेलरमामांनी मास्क शिवले आणि शिलाई घेतली नाही. आंबेवाल्या भाऊंनी सीझन बुडालेला असताना पिकअप मंडळाच्या नावाने उभी ठेवली, डिझेलही त्यांचंच. दुबईच्या तीन पोरांनी मिळून पाठवलेल्या पैशातून शाळेचं संडास दुरुस्त झालं ज्याशिवाय क्वारंटाईन चालूच शकलं नसतं, हे पोरांनी कधी कोणाला सांगितलं नाही म्हणून मी सांगतोय. रेशनवाल्या काकींनी तांदूळ, खोतांच्या घरातून नारळ, बचत गटाच्या बायकांनी सकाळची पेज. नावं राहिली असतील तर रागावू नका, सगळी पावती पुस्तकात आहेत.

आता जरा कडू बोलतो. गेल्या वर्षी याच वह्यांसाठी ग्रुपवर मेसेज टाकला होता. नमस्काराचे हात भरपूर आले, "खूप छान उपक्रम" पण आलं, पैसे मोजक्या घरांतून आले. त्याच महिन्यात गावच्या कमानीचं काम आठवड्यात जमलं, क्रिकेटच्या टी-शर्टला स्पॉन्सर मिळाला, शिमग्याच्या पालखीला तर विचारूच नका. कमान हवीच, पालखी तर आपला जीव आहे, मी स्वतः खांद्याला असतो. पण ज्या वहीने मुंबईकरांवरचा ठपका पुसला तिच्यासाठी मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय क्रमांक नऊ, आणि आठव्या विषयाला चहा येऊन मीटिंग संपली, हे ऐकून वाईट वाटलं. एका कार्यालयात चौकशीला गेलो तर साहेब म्हणाले, आता कोरोना संपला, रद्दीला घाला. बरं म्हटलं आणि आलो.

रद्दीला का घालायची नाही ते सांगतो. १९१८ ला मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ आली, मुंबई बंदरातून देशभर पसरली, आपल्याकडे बोटीने आणि परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबरच आली असणार. आपल्या गावात तेव्हा किती माणसं गेली? आजीच्या तोंडून "एक पोचवून यावं तर दुसरं तयार" एवढं ऐकलंय. जुन्या कोतवाल बुकात (गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत) बघायला गेलं तर कारणाच्या जागी नुसतं "ताप". मलेरियाही ताप आणि मानमोडीही ताप. शंभर वर्षांनी पुन्हा तेच झालं, डब्ल्यूएचओने २०२२ ला अंदाज काढला की २०२० आणि २०२१ मिळून देशात ४७ लाख माणसं जादा गेली, सरकारचा आकडा पाच लाखांच्या आत, सरकारने तो अंदाज मानला नाही, भांडण चालूच आहे. त्या भांडणात आपल्याला पडायचं नाही, पण आपल्या गावाचं कोण कधी आजारी पडलं, कुठे नेलं, कोण परत आलं नाही, हे आपल्याकडे तारखेसकट आहे. घरातलं माणूस गेल्यावर पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान मिळत होतं तेव्हा एका वहिनींकडे एकही कागद नव्हता, वहीत अॅडमिट केल्याची तारीख आणि गाडीवाल्याचं नाव सापडलं, त्यावरून हॉस्पिटलचे पेपर निघाले आणि काम झालं.

शनिवारच्या नोंदीचं पण थोडक्यात. प्रत्येक वाडीतून एक ताई शनिवारी ताप, खोकला, जुलाब किती जणांना ते बघणार आणि उपकेंद्रात सिस्टरना देणार. सिस्टरना तसाही लक्षणांचा एस फॉर्म भरावा लागतो, पूर्वी दर आठवड्याला कागदावर होता आता २०२१ पासून ऑनलाईन पोर्टलवर, पण जो पेशंट उपकेंद्रात आलाच नाही, घरी काढा पिऊन झोपला, तो त्यात कसा येणार? तो आपल्या वहीत येतो. एका वाडीत एकाच आठवड्यात तापाची तीन घरं झाली की लगेच फोन, शनिवारची वाट बघायची नाही. लावणीच्या दिवसांत लेप्टोला (शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाला) पण हे उपयोगी, तिथे तर एक-दोन दिवस उशीर म्हणजे जिवावरचं. २०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाच्या बातम्या परत आल्या तेव्हा सगळे एकमेकांना विचारत होते आपल्याकडे काय, आणि नोंद बंद असल्यामुळे कोणालाच सांगता येत नव्हतं.

हिशोब घाईत देतोय, सविस्तर कागद देवळाच्या बोर्डावर आहे. फोटो आणि टायपिंगसाठी कॉलेजच्या दोन पोरींचं मानधन २४,०००, लोखंडी कपाट १४,०००, ऑक्सिमीटर थर्मामीटर आणि सेल १५,५००, एक टॅबलेट आणि रिचार्ज १२,०००, सात वाड्यांच्या सात ताईंना महिना ५०० प्रमाणे वर्षाचे ४२,०००, एकूण १,०७,५००. जमा १८,७००. राहिले ८८,८००. पैसे मंडळाच्या बँक खात्यात किंवा खजिनदारांकडे, क्यूआर कोड ग्रुपवर पिन केलाय, दुसऱ्या कोणाच्याही पर्सनल नंबरवर पाठवू नका, पाठवल्यावर नाव आणि वाडी लिहा नाहीतर पावती कोणाच्या नावाने फाडायची कळत नाही. ८०जी (देणगीवरची करसवलत) नाही, आधीच सांगतो. वस्तू दिली तरी चालेल, जुना पण चालू लॅपटॉप असेल तर उत्तम. टायपिंगमध्ये नावाच्या जागी नंबर असेल, मूळ वही कुलपात, चावी गुरुजी आणि सिस्टरांकडे, तेव्हा आमच्या घरचं आजारपण चव्हाट्यावर येईल ही भीती नको. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या आणि इंग्रजी-मराठी टायपिंग येणाऱ्या पोरांनी दुपारी दोन तास दिले तरी मानधनाचे पैसे वाचतील. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला देवळात हिशोब वाचला जाईल, मुंबई मंडळाने कृपया यावेळी विषय क्रमांक एक ठेवावा, चहा नंतर.

आपला,
चिटणीस (अध्यक्ष आणि खजिनदारांच्या संमतीने)

ता.क. २०२१ ला नेलेले दोन ऑक्सिमीटर आणि एक वाफेचं मशीन अजून परत आलेलं नाही. कोणी नेलंय ते वहीत लिहिलेलं आहे, पण ग्रुपवर टाकत नाही. शाळेच्या पडवीत आणून ठेवा, सेल नसला तरी चालेल.