लहान बोरची बंदूक नवशिक्यांसाठी नसते

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या शिकारीवर आलेला लेख वाचला. त्यातल्या दोन विधानांबद्दल लिहिणं भाग आहे. पहिल्याची गाठ थेट जिवाशी आहे, म्हणून आधी ते. ‘वीस बोरचं काडतूस वेळप्रसंगी बारा बोरच्या बंदुकीतही चालतं’ असं लेखात छापलं आहे. बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, आणि आकडा मोठा तितकी नळी अरुंद. म्हणून ते मुळीच चालत नाही. ते नळीत पुढे सरकतं आणि मध्येच अडकून बसतं. मागून भरताना जागा रिकामी दिसते, माणूस त्यामागे बारा बोरचं काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. तीही नेमकी पुढचा हात असतो त्या बाजूला. म्हणूनच अमेरिकेत वीस बोरची काडतुसं पिवळी असतात, लांबूनही ओळखू यावीत अशी. आमच्या घरात नवऱ्याची बारा बोर आहे आणि माझी एक वीस. शिकारीहून आलं की दोघांच्याही जाकिटांचे खिसे उलटे करून झटकायचे, हा नियम आम्ही कधी मोडत नाही. कृपया ही दुरुस्ती ठळक छापा.

दुसरं विधान असं, की लहान बोरच्या बंदुका बायका, मुलं आणि नवशिक्यांसाठी असतात. मी मिनेसोटाच्या उत्तर भागात राहते आणि दर शरद ऋतूत ग्राउझ या रानपक्ष्याच्या मागे रान तुडवते. माझी आवडती बंदूक अठ्ठावीस बोरची आहे. मी बाई आहे म्हणून ती घेतलेली नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला बंदूक म्हटली की बारा बोरच आठवते, शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली जड दुनळी. त्यामुळे आकडा वाढला की बोर लहान कसा होतो, याचा गोंधळ स्वाभाविक आहे. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढी जाड, तेवढा बारा बोरचा व्यास: साधारण १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या की १५.६ आणि अठ्ठावीस केल्या की १४. फक्त ४१० ही आणखी लहान बंदूक या हिशोबात बसत नाही. तो आकडा इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच.

आता खरा मुद्दा. बोर लहान म्हणून काडतुसातला छर्रा, म्हणजे शिशाची बारीक गोळी, दुबळा होत नाही. त्याच आकाराचा छर्रा जवळपास त्याच वेगाने सुटला, तर अठ्ठावीसमधून लागला काय नि बारामधून लागला काय, पक्ष्याला सारखाच बसतो. फरक आहे तो संख्येत. बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसात सव्वा औंसाच्या आतबाहेर शिसं असतं, अठ्ठावीसमध्ये पाऊण औंस, म्हणजे २१ ग्रॅम. साडेसात नंबरचे छर्रे (नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो) एका औंसात सुमारे ३५० बसतात, म्हणजे माझ्या काडतुसात अडीचशेच्या थोडे वर. जवळ ते भरपूर होतात. अंतर वाढलं की मात्र छर्ऱ्यांमधली जागा वाढत जाते आणि पक्षी मरण्याऐवजी जखमी होऊन झाडीत निघून जातो. म्हणून अठ्ठावीस हातात घेणाऱ्याला लांबचा पक्षी सोडून देता आला पाहिजे. पंचवीस-तीस यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही. नवशिक्याला अंतराचा अंदाज नसतो नि मोहही आवरत नाही. त्याच्या हातात ही बंदूक देणं पक्ष्यावर अन्याय आहे.

ग्राउझच्या रानात हा संयम आपोआप जमतो, कारण तिथे लांबचं दिसतच नाही. कोवळ्या अस्पेन झाडांची दाट वाढ, खाली ओल्या जागी ऑल्डरच्या झुडपांच्या जाळ्या. पक्षी पायाजवळून फडफडाट करत उठतो आणि एक-दोन सेकंदांत झाडाआड होतो. दिवसभर चालायचं, फांद्या एका हाताने बाजूला सारायच्या, ओंडक्यांवरून चढायचं आणि बार उडवायचा एखाद-दुसरा, तोही नशीब असेल तर. अशा वेळी बारा बोरपेक्षा अर्धा किलो कमी वजन म्हणजे संध्याकाळी चारलाही हात वेळेवर वर येणं. माझी बंदूक रुगर रेड लेबल आहे, नळीवर नळी असलेली, पावणेतीन किलोच्या आसपास. तिचा सांगाडा, म्हणजे नळ्या जिथे बसतात तो मधला धातूचा भाग, अठ्ठावीससाठी वेगळा, लहान घडवलेला आहे, म्हणून ती मला प्रिय. काही बंदुकांमध्ये अठ्ठावीसच्या नळ्या वीसच्याच सांगाड्यावर बसवलेल्या असतात. मग वजन काही कमी होत नाही आणि पैसे मात्र जास्त जातात. विकत घेण्याआधी वजन करा. त्याहून महत्त्वाचं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची मक्षी नजरेसमोर सरळ आली नाही, तर खांद्याला टेकवायचा दस्ता तुमच्या मापाचा नाही, बोर कुठलाही असो.

पण साउथ डकोटाच्या किंवा आयोवाच्या माळावर जाणाऱ्या मराठी मित्रांना मी अठ्ठावीस सुचवणार नाही. तिथला फेझंट या रानपक्ष्याचा नर ग्राउझच्या दुप्पट वजनाचा. हंगाम सरत आला की तो लांबूनच उठतो आणि गोळी खाऊनही पळतो. तिथे वीस बोर, एक औंस, सहा नंबरचे छर्रे. शिवाय या भागातल्या सरकारी वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियांमध्ये, म्हणजे पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जागांत, शिसं वापरायला बंदी आहे. तिथे पोलादी छर्रे वापरायचे, पण पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे मोठा छर्रा लागतो आणि अठ्ठावीसच्या छोट्या काडतुसात तो पुरेसा मावत नाही. बिस्मथ हा धातू चालतो, पण खिशाला फार जड जातो. वीसमध्ये पोलादाचं निभतं आणि गावातल्या छोट्या दुकानातही वीसच्या काडतुसांचा डबा मिळतो.

मुलांबद्दल लेखात लिहिलं आहे की धक्का कमी म्हणून ४१० द्यावी. माझ्या मते उडत्या पक्ष्यासाठी तीही मुलाला देऊ नये. अर्ध्या औंसाच्या छर्ऱ्यांत नेम चुकायला जागाच नाही. मूल नाउमेद होतं आणि पक्षी घायाळ होतात. वीस बोर, त्याच्या मापाला कापलेला दस्ता आणि हलकं काडतूस द्या. तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त भरलेलं लांब काडतूस, मुळीच नको, हलक्या बंदुकीत त्याचा धक्का मोठ्या माणसालाही नकोसा होतो.

शिकारीचं नाव काढलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, आणि ते मला पटतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबली, ते योग्यच झालं. इथली व्यवस्था निराळी आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या लांब बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ग्राउझला कोवळं रान लागतं, आणि ते टिकवायला अस्पेन टप्प्याटप्प्याने तोडून पुन्हा वाढू द्यावा लागतो. हे न सांगता नुसत्या बंदुकांच्या किमती आणि लाकडावरचं कोरीवकाम छापल्याने वाचकाला अर्धंच कळतं. पुढच्या लेखात हे यावं आणि वीस-बाराची दुरुस्ती त्याआधीच, येत्या रविवारी यावी, ही विनंती.

– एक वाचक, डलूथ, मिनेसोटा