गाडी तुमची, भाडं माझं, मग सर्व्हिसिंगचा निर्णय कोणाचा?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (वाहन लीज विभाग)
प्रत: प्रादेशिक प्रमुख, नागपूरचं अधिकृत सर्व्हिस सेंटर

विषय: लीजवरच्या डिझेल एसयूव्हीच्या नियमित सर्व्हिसिंगबद्दल लेखी निर्णय न देणे, करारातली पिकअप-ड्रॉप सेवा नाकारणे आणि फोनवर अपमानास्पद उत्तर देणे.

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला, म्हणून हे पत्र. गाडीची माहिती देत बसत नाही. ती तुमची आहे. आरसीवर मालक म्हणून तुमच्या कंपनीचं नाव आहे आणि विमा तुम्हीच काढलेला आहे. डॅशबोर्डवर सर्व्हिसचा इशारा आला की तो तुमच्या सिस्टिममध्येही दिसतो, हे करार करताना तुमच्याच माणसाने मला मोबाईलवर उघडून दाखवलं होतं. म्हणजे तुम्हाला सगळं दिसतं. फक्त उत्तर देता येत नाही.

करार सांगतो की दर १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा सर्व्हिसिंग, आणि तेही फक्त अधिकृत सेंटरमध्ये. मेंटेनन्स मासिक भाड्यात धरलेला आहे, पिकअप-ड्रॉपही धरलेलं आहे. मी राहतो आर्णी तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. तुमचं सेंटर नागपुरात. महामार्ग ३६१ ने यवतमाळ, कळंब, वर्धा करत जायचं आणि तसंच परत यायचं म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास होतात. करारावर सही घेताना हा पत्ता तुमच्या माणसाने स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिला. पिकअपच्या कलमात कुठेही अंतराची अट नाही. आता मात्र मला सांगतात की पिकअप नागपूर शहरापुरतंच आहे. ही अट कोणत्या पानावर आहे ते दाखवा म्हटलं, तर "पॉलिसी आहे सर" एवढंच.

बरं, मी स्वतः गाडी घेऊन नागपूरला जातो असं धरा. ते चारशे किलोमीटर माझ्याच खात्यात पडतात. करारात वर्षाला २०,००० किलोमीटरची मर्यादा आहे, वर गेलं की प्रत्येक किलोमीटरला जादा आकार. तुमच्या मालकीच्या गाडीचं ऑइल बदलायला नेण्याचे किलोमीटर माझ्या मर्यादेतून कापणार, डिझेल माझं जळणार, आणि ऐन हंगामात माझा एक अख्खा दिवस जाणार. आमच्याकडे दिवाळीपासून कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचं काम, चालू असताना दिवसभर आवार सोडून नागपूरला बसून राहणं म्हणजे काय, हे मुंबईच्या ऑफिसात बसून कळणार नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता आजच्या फोनबद्दल.

मी विचारलं की इशारा आलेला आहे, हंगाम सुरू आहे, पिकअप तुम्ही देत नाही, तर मी नेमकं काय करू? तिकडून उत्तर आलं, "सर, तुमच्या जवळपासच्या एखाद्या चांगल्या मेकॅनिककडून ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या." मी म्हटलं, चालेल, यवतमाळला चांगलं वर्कशॉप आहे, पण करारात तर अधिकृत सेंटरच म्हटलं आहे. "हो सर, मग ते रेकॉर्डमध्ये येणार नाही." मग गाडी परत करताना तपासणीत काय होईल? "सर्व्हिस चुकवल्याचा आकार लागू शकतो." म्हणजे तुम्हीच करायला सांगता आणि तुम्हीच दंड लावता? यावर थोडा वेळ शांतता. मी म्हटलं, तुम्ही जे सांगून राहिले ते मेलवर दोन ओळीत लिहून द्या न. "लेखी देता येत नाही सर." मग वरिष्ठांना जोडून द्या. वरिष्ठ आले. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सर, लग्झरी गाडी खेड्यात वापरायची म्हटलं की एवढा त्रास होणारच, हे घेतानाच बघायला हवं होतं." आणि मी उत्तर देत असतानाच फोन बंद.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. कॉल रेकॉर्ड होत आहे असं तुमचं यंत्र सुरुवातीलाच सांगतं, तेव्हा काढा आणि ऐका. खेड्यातला ग्राहक चालणार नसेल तर भाडं तरी खेड्यातल्या बँकेतून कशाला घेता? दर महिन्याच्या ५ तारखेला ते न चुकता वळतं होतं. तेव्हा कोणी म्हणत नाही की आर्णी फार लांब आहे.

ऑइल बदलणं ही किरकोळ गोष्ट असती तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. बीएस-६ डिझेल इंजिनाला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्याला कमी राख सोडणारं, तुमच्याच मॅन्युअलमधल्या मानकाचं ऑइल लागतं. साधं ऑइल पडलं तर त्याची राख फिल्टरमध्ये साचत जाते, ती जळून जात नाही, आणि शेवटी फिल्टरच बदलावा लागतो. त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडाल? माझ्याच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ती मुदतही जवळ आली आहे. सर्व्हिसची नोंद डिजिटल आहे, कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरल्याशिवाय ती चढत नाही. यवतमाळचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी ती नोंद त्याच्या हातात नाही. एवढं सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही तुमचा माणूस मला म्हणतो, जवळच्या मेकॅनिककडे जा.

मागच्या सर्व्हिसला तुमच्याच सेंटरच्या पोराने ग्लोव्ह बॉक्सच्या मागून एसीचा फिल्टर काढून माझ्यासमोर धरला होता. कागदाच्या घड्या दिसतच नव्हत्या. घड्याघड्यांत रुईचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ बसून जुन्या गादीसारखा थर झाला होता. बोटाने उचकटला तर अख्खा थर एकसंध सुटून आला. खालच्या कागदाला ओल लागून काळा डाग पडला होता. इंजिनाच्या एअर फिल्टरची गत थोडी बरी, पण तशीच. तो पोरगा म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे १५,००० पर्यंत थांबूच नका, फिल्टर आधीच बदला." मॅन्युअलमध्येही जास्त धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदला असंच म्हटलं आहे. मी ते कस्टमर केअरला सांगितलं, तेव्हा उत्तर मिळालं की वेळेआधीचा फिल्टर पॅकेजमध्ये येत नाही, आणि बाहेरून घालू नका. मग आमच्या भागातल्या धुळीत काय करायचं? मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा तुंबलेल्या फिल्टरने एसी चालवून दाखवा. डीईएफ, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, संपत आलं तर महामार्गावरच्या पंपावरून भरू का, याचंही लेखी उत्तर अजून नाही. आणि ते पूर्ण संपल्यावर इंजिन पुन्हा सुरू होत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे.

कोणी म्हणेल की बाहेर सर्व्हिसिंग करायला तर मोकळीक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड लावला, आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट ठेवू नका, असंही बजावलं. पण तो विषय ज्याची गाडी आहे त्याचा. माझी गाडीच नाही. मी भाडेकरू आहे. भाड्याच्या घराची भिंत मालकाला विचारल्याशिवाय फोडता येत नाही, तसं तुमच्या गाडीचं बॉनेट मी कोणाला उघडायला देऊ शकत नाही. म्हणूनच तर विचारतो आहे. आणि म्हणूनच निर्णय तुमचा आहे, माझा नाही. हे पुन्हा पुन्हा सांगूनही तुमची माणसं तो माझ्यावर ढकलतात, आणि लेखी मागितलं की मागे सरतात.

मला वाईट याचं वाटतं की मी हे नाव बघून आलो. घरचे म्हणत होते, सरळ विकत घे, आपली गाडी आपल्या हातात राहील. मी म्हटलं, नाही, मोठी कंपनी आहे, देखभालीची काळजी तिच्यावर राहील. त्या एका गोष्टीसाठीच मी लीज घेतली. माझ्यामागे इथल्या ओळखीच्या लोकांनी तुमच्या एजंटचा नंबर मागितला होता. मी आता तो कोणाला देणार नाही, आणि ज्यांना दिला त्यांनाही फोन करून सांगेन.

मला हवं आहे ते एवढंच. गाडी फ्लॅटबेडने किंवा चालक पाठवून माझ्या पत्त्यावरून न्या आणि आणून द्या. जमत नसेल तर यवतमाळच्या वर्कशॉपला कोणत्या मानकाचं ऑइल, कोणते फिल्टर, कोणाच्या खर्चाने, आणि ती नोंद तुमच्या रेकॉर्डला कशी चढणार, हे कंपनीच्या मेलवरून सहीनिशी कळवा. सर्व्हिससाठी झालेले किलोमीटर माझ्या मर्यादेतून वगळा. धुळीमुळे लवकर बदलावे लागणारे फिल्टर पॅकेजमध्ये घ्या. आणि ज्या वरिष्ठांनी ते खेड्याचं वाक्य उच्चारलं, त्यांनी मला फोन करून माफी मागावी. कूपन नको, पुढच्या भाड्यात सवलत नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. करारात तुम्ही मुंबईच्या न्यायालयाचं कलम टाकलं आहे, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी जिथे राहतो तिथे, म्हणजे यवतमाळला, तक्रार दाखल करता येते. लीज माझ्या वैयक्तिक नावावर, घरच्या वापरासाठी आहे, त्यामुळे व्यावसायिक वापराची पळवाट काढू नका. आजपर्यंतचे सगळे मेल मी छापून ठेवले आहेत. सर्व्हिसला उशीर झाला म्हणून इंजिनाला काही झालं, तर त्याची जबाबदारी आजच्या तारखेपासून तुमची, याची नोंद घ्यावी.

लीजधारक
ता. आर्णी, जि. यवतमाळ

सोबत: लीज कराराची प्रत, पिकअप-ड्रॉपच्या कलमाचं पान, डॅशबोर्डवरच्या इशाऱ्याचा फोटो