ओढ्यावरची वीज: आधी बादली, मग टर्बाइन

संपादक महोदय,

ओढ्यावर घरापुरती वीज करू पाहणारे आधी टर्बाइनची किंमत विचारतात. आधी मोजायला हवा तो ओढा सर्वांत रोडावतो तेव्हाचा प्रवाह. २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली, तर सेकंदाला ५ लिटर. त्याला, पाणी उचलतो ती जागा आणि टर्बाइन यांच्या उंचीतल्या फरकाच्या मीटरांनी आणि मग ५ या ठरलेल्या आकड्याने गुणा: २० मीटरला ५०० वॅट, म्हणजे दिवसाला १२ युनिट. यात कार्यक्षमता निम्मीच धरली आहे; लहान संचाला याहून फार जास्त सांगणाऱ्या विक्रेत्याचा आकडा जपूनच घ्यावा.

खरा घोटाळा पाइपात होतो. एवढेच पाणी १०० मीटर लांब, ६३ मिमी पाइपातून नेले, तर घर्षणातच सुमारे ६ मीटर उंची वाया जाते. ९० मिमीत जेमतेम १ मीटर.

बॅटरी भरली म्हणून टर्बाइन सौर पॅनेलसारखे नुसते तोडता येत नाही. भार, म्हणजे वीज खाणारी उपकरणे, सुटला की चाक बेफाम फिरते, व्होल्टेज चढते. जादा वीज पाणी तापवणाऱ्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर हवाच. व्हॉल्व्ह सावकाश फिरवा. झटक्यात बंद केला, तर पाण्याचा दणका पाइपाचे सांधे उखडतो. आणि पाइपाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीवरचा पाला? तो रोज हातानेच काढावा लागतो.

– एक वाचक