खापर सूर्याच्या माथी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तापमानवाढीचे खापर सूर्याच्या माथी फोडणारा कालच्या पुरवणीतील लेख वाचला. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते आणि तेव्हा युरोपात कडाक्याचे हिवाळे पडत होते, हे खरेच. परंतु ते 'लघु हिमयुग' डाग नाहीसे होण्याच्या कितीतरी आधीच सुरू झाले होते आणि त्यात ज्वालामुखींच्या उद्रेकांचाही वाटा होता, हे सांगायला लेखकांना जागा पुरली नसावी. गोठलेल्या थेम्स नदीचे चित्र छापायला मात्र ती पुरली.

सोबतचा आलेख १९८० पाशी संपतो, ही तर कमालच झाली. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती जेमतेम ०.१ टक्क्याने कमी-जास्त होते. गेल्या चार दशकांत तिच्यात वाढ नाही, आणि तापमान तर याच काळात झपाट्याने चढले. शिवाय सूर्यच तापवत असता, तर वातावरणातील स्थितांबरही (खालच्या हवेवरचा थर) तापले असते. ते थंड होत आहे.

हेच मी गेल्या पावसाळ्यात आपणास कळवले होते. "सौरचक्राचा पृथ्वीच्या तापमानावर परिणाम होतो, परंतु तो अंशाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो आणि आजची वाढ त्याने स्पष्ट होत नाही," असे माझे वाक्य होते. आपल्या कार्यालयाने 'होतो'पुढे पूर्णविराम देऊन उरलेले वाक्य गाळले. जागेची अडचण मी समजू शकतो. पण तेव्हापासून सकाळी फिरायला येणारी मंडळी माझेच छापील पत्र माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून काढतात, आणि एका निवृत्त अभियंत्यांनी तर ते लॅमिनेट करून घेतले आहे. कालच्या लेखामुळे त्यांच्या संग्रहात भर पडली.

जाता जाता, त्याच पानावर आदित्य-एल१ हे यान 'सूर्यानजीक' पोहोचल्याचे म्हटले आहे. ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे आणि सूर्य १५ कोटींवर. कृपया हे पत्र कापायचे झाल्यास संपूर्ण वाक्येच कापावीत.

कळावे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा